सुरतेच्या संगणक वर्गातील बिघडलेला पडदा : मॉनिटर, ग्राफिक्स कार्ड आणि रिझोल्यूशन

तापीकाठचे सुरत शहर कापडावर आणि हिऱ्यांवर चालते, आणि आज हे दोन्ही व्यवसाय संगणकाच्या पडद्यावर अवलंबून आहेत. साडीच्या काठाची नक्षी, भरतकामाचे पंचिंग, छपाईची डिझाइन, खडबडीत हिऱ्यातून कोणता आकार काढावा याचे नियोजन ही कामे पूर्वी कागद, पेन्सिल आणि भिंग घेऊन होत असत. आता ती मॉनिटरसमोर होतात. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. महानगरपालिकेच्या शिक्षण समितीच्या शाळांमध्ये गुजरातीबरोबर मराठी आणि उर्दू माध्यमही आहे. या शाळांतून बाहेर पडलेला मुलगा किंवा मुलगी सहा महिन्यांचा अथवा वर्षाचा व्यावसायिक अभ्यासक्रम निवडते, तेव्हा संगणकावरील डिझाइन हा त्यांच्या दृष्टीने नोकरीचा सर्वांत जवळचा रस्ता असतो. अशा वर्गातील मॉनिटर खोटे चित्र दाखवीत असेल तर विद्यार्थी चुकीचे शिकतो. ती चूक त्याच्या लक्षात येत नाही, आणि शिक्षकाच्याही लक्षात येईलच असे नाही.

पडदा पूर्ण काळा झाला तर तक्रार होते व दुरुस्ती होते. चित्र दिसते आहे, पण थोडे पसरट किंवा थोडे धूसर दिसते आहे, अशा पडद्यावर मात्र वर्षानुवर्षे शिकवले जाते. प्रस्तुत लेखाचा विषय हा दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे चालू असलेला पण चुकीचा पडदा आहे.

गोल बुट्टा अंडाकृती का होतो

एलसीडी किंवा एलईडी पडद्यावर ठिपक्यांची संख्या कारखान्यातच ठरलेली असते. १३६६ × ७६८ च्या पडद्यावर आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके असतात. त्यात एकही कमी-जास्त करता येत नाही. याला त्या पडद्याचे मूळ रिझोल्यूशन म्हणावे. संगणकाने नेमके तेवढेच ठिपके पाठवले तर एकास एक जुळणी होते. संगणकाने १०२४ × ७६८ पाठवले तर मॉनिटरला १०२४ ठिपके १३६६ जागांवर ताणून बसवावे लागतात. उभे माप तेच राहते, आडवे माप सुमारे १.३३ पट होते. म्हणजे नऊ सेंटिमीटर उंचीचे वर्तुळ पडद्यावर बारा सेंटिमीटर रुंद दिसते.

येथपर्यंत नुकसान फक्त डोळ्यांचे आहे, कारण फाइलमधील वर्तुळ अजून गोलच आहे. खरे नुकसान पुढे होते. विद्यार्थ्याला बुट्टा पसरट दिसतो म्हणून तो त्याची रुंदी कमी करतो. पडद्यावर गोल दिसेपर्यंत कमी करायची तर ती तीन-चतुर्थांश करावी लागते. आता पडद्यावर बुट्टा गोल आणि फाइलमध्ये तो उभा अंडाकृती. छपाई फाइलप्रमाणे होते, पडद्याप्रमाणे नाही. कापडावर अंड्यासारखा बुट्टा उतरला की दोष डिझायनरच्या हाताला दिला जातो. नव्याने कामाला लागलेल्या मुलाला "हा कच्चा आहे" हे ऐकवले जाते आणि त्याच्यापाशी उत्तर नसते.

यावर एक अगदी साधी कसोटी आहे व तिला फुटपट्टीपलीकडे काही लागत नाही. पेंट या कार्यक्रमात शिफ्ट कळ दाबून धरून मोठे वर्तुळ काढावे, पडद्यावर फुटपट्टी ठेवून त्याची रुंदी व उंची मोजावी आणि रुंदीला उंचीने भागावे. उत्तर १ आले तर प्रमाण बरोबर आहे. १.३३ आले तर ४ : ३ प्रमाणाचे चित्र १६ : ९ च्या पडद्यावर ताणले गेले आहे. १.२ आले तर तेच चित्र १४४० × ९०० सारख्या १६ : १० च्या पडद्यावर आहे. १.४२ च्या आसपास आले तर १२८० × १०२४ हे चित्र रुंद पडद्यावर पाठवले जात आहे. उलट, जुन्या चौकोनी १२८० × १०२४ च्या मॉनिटरवर १०२४ × ७६८ लावले तर उत्तर ०.९४ येते, म्हणजे वर्तुळ किंचित उंच दिसते. हा फरक इतका थोडा असतो की नुसत्या नजरेला तो कळत नाही, फुटपट्टीला कळतो.

जॅकार्डच्या वर्गात मात्र एक सावधगिरी हवी. तेथे डिझाइनचा एक ठिपका म्हणजे ताण्याचा एक धागा आणि बाण्याचा एक धागा. इंचात ताण्याचे १०० धागे आणि बाण्याचे ६० धागे असतील तर एक इंचाचे वर्तुळ आलेखात १०० ठिपके रुंद आणि ६० ठिपके उंच असणार. ते पडद्यावर पसरट दिसणारच आणि दिसलेच पाहिजे. रीड-पीकचे प्रमाण भरल्यावर सॉफ्टवेअर ते पुन्हा गोल करून दाखवते. येथे पडदा दुरुस्त करायला निघणे चुकीचे ठरेल. म्हणून कसोटीचे वर्तुळ डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये न काढता पेंटमध्येच काढावे.

अक्षरांचे काय होते

प्रमाण बरोबर असूनही चित्र धूसर असू शकते. १९२० × १०८० च्या मॉनिटरवर १२८० × ७२० लावले तर दोन्हीकडे १.५ पट ताण बसतो. वर्तुळ गोलच राहते, पण एका ठिपक्याला दीड ठिपका करणे शक्य नसल्याने मॉनिटर शेजारच्या ठिपक्यांत रंग मिसळून तडजोड करतो.

रोमन अक्षरे ही तडजोड बऱ्यापैकी सोसतात. देवनागरीला ती जड जाते. शिरोरेघ ही एक-दोन ठिपके जाडीची सरळ आडवी रेघ असते. ती राखाडी होऊन खालच्या अक्षरांत उतरते. लहान आकारात 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'प' आणि 'ष' यांतील भेद जेमतेम दोन-तीन ठिपक्यांवर टिकून असतो. अनुस्वार तर एखाद-दुसऱ्या ठिपक्याचाच असतो. उर्दूच्या नस्तालीक लिपीत अडचण अधिक आहे. तेथे बे, पे, ते, से यांचे शरीर एकच आणि ओळख फक्त नुक्त्यांच्या संख्येवर व जागेवर असते. शिवाय शब्द तिरका उतरत असल्याने नुक्ते एकमेकांच्या जवळ येतात. मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेला विद्यार्थी टंकलेखनात वारंवार चुका करतो तेव्हा त्याच्या शुद्धलेखनाबद्दल मत बनवण्यापूर्वी त्याच्या पडद्याचे रिझोल्यूशन पाहणे न्याय्य होईल.

"अक्षरे बारीक दिसतात" म्हणून रिझोल्यूशन उतरवून ठेवण्याची सवय बहुतेक प्रयोगशाळांत आढळते. ही सवय सीआरटी मॉनिटरच्या काळातली आहे. सीआरटीत ठिपक्यांची संख्या ठरलेली नसे, इलेक्ट्रॉनांचा झोत मागेल तितक्या रेघा काढत असे, त्यामुळे ८०० × ६०० वरही चित्र नीटच दिसे. सपाट पडद्यावर तो उपाय चालत नाही. अक्षरे मोठी हवी असतील तर रिझोल्यूशन मूळ ठेवून विंडोजमधील स्केल १२५ किंवा १५० टक्के करावे. स्केल वाढवले की अक्षर अधिक ठिपक्यांनी काढले जाते. रिझोल्यूशन उतरवले की कमी ठिपक्यांनी काढलेले अक्षर ताणले जाते. दिसायला दोन्ही मोठे, पण वाचायला एकच चांगले.

संगणक मॉनिटरला ओळखतो कसा

नवा मॉनिटर जोडला की संगणक आपोआप योग्य रिझोल्यूशन निवडतो. हे घडते ते ईडीआयडी नावाच्या छोट्या नोंदीमुळे. व्हेसा या संस्थेने १९९४ साली तिचे मानक प्रसिद्ध केले. मॉनिटरमध्ये १२८ बाइटचा एक तक्ता साठवलेला असतो. त्यात बनवणाऱ्याची खूण, पडद्याची लांबी-रुंदी, चालणारी रिझोल्यूशने आणि सर्वांत पसंतीचे रिझोल्यूशन लिहिलेले असते. ग्राफिक्स कार्ड तो तक्ता वाचते. शेवटचा बाइट पडताळणीचा असतो : सर्व १२८ बाइटांच्या बेरजेला २५६ ने निःशेष भाग गेला पाहिजे. तो गेला नाही तर तक्ता खराब समजला जातो. हा मॉनिटरचा ओळखपत्राचा कागद समजावा. कागद हरवला की दारावरचा माणूस अनोळखी पाहुण्याला जपूनच आत घेतो, आणि संगणकही कमी रिझोल्यूशनची सुरक्षित यादी पुढे करतो.

जुन्या निळ्या व्हीजीए केबलमध्ये १५ पिना असतात. पहिल्या तीन पिना लाल, हिरवा, निळा रंग नेतात. १३ व १४ या आडव्या आणि उभ्या मेळाच्या. तर १२ आणि १५ या ओळखपत्र वाचण्याच्या. १२ किंवा १५ नंबरची पिन वाकली, तुटली अथवा स्वस्त केबलमध्ये मुळात जोडलेलीच नसली तर चित्र व्यवस्थित येते, रंग व्यवस्थित येतात, फक्त १९२० × १०८० यादीतून नाहीसे होते. अशा वेळी कार्ड बदलले जाते, विंडोज पुन्हा घातले जाते, आणि दोष केबलमध्येच राहतो. रंगाची पिन गेली तर ते लगेच दिसते : निळा गेला की पडदा पिवळसर, लाल गेला की आकाशी, हिरवा गेला की जांभळट गुलाबी. सुरतेच्या पावसाळ्यातील दमट हवेत ज्या केबली काढ-घाल न होता महिनोन्‌महिने पडून असतात त्यांच्या पिनांवर थर चढतो. संगणक बंद करून केबल काढून पुन्हा नीट बसवणे आणि तिचे स्क्रू आवळणे हा पहिला उपाय, आणि तो बऱ्याचदा शेवटचाही ठरतो.

विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये मॉनिटर या नोंदीखाली काय लिहिले आहे ते पाहावे. 'जेनेरिक पीएनपी मॉनिटर' किंवा मॉडेलचे नाव असेल तर ओळखपत्र वाचले गेले आहे. 'जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर' असे असेल तर वाचले गेलेले नाही, आणि मग संशय केबल, कन्व्हर्टर, स्प्लिटर किंवा स्विच यांच्यावर घ्यावा. एचडीएमआयला व्हीजीए जोडणारे स्वस्त कन्व्हर्टर या बाबतीत विशेष कुप्रसिद्ध आहेत. एक संगणक, एक मॉनिटर आणि एक प्रोजेक्टर अशी स्प्लिटरवरची मांडणी असेल तर स्प्लिटर सहसा एकाच यंत्राचे ओळखपत्र पुढे पाठवतो. ते प्रोजेक्टरचे १०२४ × ७६८ असले की शिक्षकाच्या मॉनिटरवरही तेच येते.

१३६६ × ७६८ या मापाची एक जुनी कटकट आहे. ईडीआयडीच्या प्रमाण-यादीत आडवी संख्या आठच्या पटीतच लिहिता येते आणि १३६६ ला आठने पूर्ण भाग जात नाही. म्हणून जुनी कार्डे १३६० किंवा १३६८ देतात. लिनक्समध्ये सीव्हीटी या आज्ञेने १३६६ मागितले तर हिशेब १३६८ चा करून मिळतो. अशा वेळी कडेचे दोन-तीन ठिपके कापले जातात किंवा उभ्या रेघा अस्पष्ट होतात. कार्डाच्या नव्या ड्रायव्हरने हा प्रश्न बहुधा सुटतो, कारण मॉनिटरच्या ओळखपत्रात पसंतीचे माप वेगळ्या, सविस्तर पद्धतीने लिहिलेले असते आणि तेथे १३६६ चालते.

दोष कोणाचा ते ठरवणे

मॉनिटर, केबल, कार्ड, ड्रायव्हर या चौघांपैकी दोषी कोण हे पैसे खर्च करण्याआधी ठरवता येते. मॉनिटरच्या बटनाने त्याचा स्वतःचा मेनू उघडावा. हा मेनू मॉनिटर स्वतः काढतो, संगणकाचा त्यात काही संबंध नसतो. मागचे चित्र धूसर आणि मेनू मात्र रेखीव असेल तर पडदा निर्दोष आहे. मेनूही डागाळलेला, रेघांचा असेल तर दोष मॉनिटरचाच. याच मेनूत माहितीच्या पानावर येणारा सिग्नल लिहिलेला असतो, उदाहरणार्थ १०२४ × ७६८, ६० हर्ट्‌झ. विंडोज १० आणि ११ मध्ये प्रगत डिस्प्ले सेटिंगमध्ये डेस्कटॉपचे रिझोल्यूशन आणि प्रत्यक्ष सिग्नलचे रिझोल्यूशन असे दोन वेगळे आकडे मिळतात. ते दोन जुळत नसतील तर ताणण्याचे काम कार्ड करीत आहे. ते जुळतात पण मॉनिटरच्या मूळ मापाशी जुळत नाहीत, तर मॉनिटर करीत आहे.

ड्रायव्हरचा दोष ओळखायला डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अॅडॉप्टर पाहावा. तेथे 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अॅडॉप्टर' दिसला तर कार्डाचा स्वतःचा ड्रायव्हर घातलेलाच नाही. अशा स्थितीत रिझोल्यूशन बदलण्याची जागा अनेकदा फिकट, न दाबता येणारी असते. येथे जुन्या यंत्रांची खरी अडचण येते. इंटेलच्या २००० च्या दशकातील कित्येक चिपसंचांसाठी विंडोज १० चा अधिकृत ड्रायव्हर आलाच नाही. विंडोज एक्सपीला मायक्रोसॉफ्टचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. म्हणजे देणगीत आलेल्या जुन्या संगणकाला पुढेही नेता येत नाही आणि मागेही ठेवता येत नाही. इंटरनेटवरील अनोळखी 'ड्रायव्हर अपडेटर' घालण्यापेक्षा लिनक्स वापरून पाहणे बरे. त्याच्या गाभ्यात जुन्या इंटेल चिपांचे ड्रायव्हर असतात.

ग्राफिक्स कार्डाची स्मृती कमी म्हणून रिझोल्यूशन वाढत नाही, असे विक्रेते अजूनही सांगतात. हिशेब करून पाहावा. १९२० × १०८० ठिपके, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे ८२,९४,४०० बाइट, आठ मेगाबाइटच्या आतच. दोन मेगाबाइटच्या कार्डांच्या काळात हे कारण खरे होते. २५६ मेगाबाइटच्या कार्डाबद्दल ते खरे नाही, आणि एवढ्यासाठी नवे कार्ड घेऊ नये. डिझाइनच्या वर्गात नवे कार्ड बसवल्यावर होणारी आणखी एक गफलत : केबल मागे मदरबोर्डच्याच जोडणीला लावलेली राहते आणि कार्ड रिकामे बसते. कार्डाची जोडणी खाली, आडव्या पट्टीवर असते. केबल तेथे हवी.

व्हीजीए केबलवर सपाट मॉनिटर असेल आणि मूळ रिझोल्यूशनवरही अक्षरांच्या उभ्या पट्ट्या धूसर असतील तर मॉनिटरचे 'ऑटो' बटन दाबावे. ते दाबताना पडदाभर उजळ पांढरे पान उघडे असावे. काळ्या पार्श्वभूमीवर मॉनिटरला चित्राची कड सापडत नाही आणि जुळणी चुकते. टीव्ही मॉनिटर म्हणून वापरला व चारही कडा कापल्या जात असतील तर तो दोष रिझोल्यूशनचा नसून ओव्हरस्कॅनचा असतो. टीव्हीच्या चित्र-मेनूत 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' अशा नावाचा पर्याय असतो.

एखाद्याने चुकून मॉनिटरला न झेपणारे रिझोल्यूशन लावले तर पडदा काळा होऊन 'आउट ऑफ रेंज' असे येते. घाबरून वीज बंद करू नये. विंडोज पंधरा सेकंद उत्तराची वाट पाहते आणि उत्तर न मिळाल्यास जुने रिझोल्यूशन परत आणते. तसे झाले नाही तर विंडोज ७ पर्यंत सुरुवातीला एफ-८ दाबून, आणि पुढच्या आवृत्त्यांत शिफ्ट धरून रीस्टार्ट देऊन, कमी रिझोल्यूशनने सुरू करण्याचा पर्याय मिळतो.

पडद्याचे रिझोल्यूशन आणि डिझाइनचे रिझोल्यूशन

विद्यार्थी हे दोन शब्द एकच समजतात आणि पुस्तकेही तो गोंधळ दूर करीत नाहीत. रोटरी छपाईच्या सिलिंडरचा प्रचलित घेर ६४ सेंटिमीटर असतो, म्हणजे नक्षी ६४ सेंटिमीटरनंतर पुन्हा सुरू होते. ३०० डीपीआयवर हा रिपीट ७,५५९ ठिपक्यांचा होतो. १९२० उभ्या-आडव्या कोणत्याही पडद्यावर तो पूर्ण मावणे शक्य नाही. पूर्ण पाहायचा तर सुमारे पाव आकारात पाहावा लागतो, आणि पाव आकारात प्रत्येक सोळा ठिपक्यांचा एक ठिपका होतो. रिपीटच्या जोडावरची एका ठिपक्याची फट त्यात हमखास लपते. म्हणून जोड तपासताना झूम १०० टक्के असावे, आणि ते १०० टक्केही मूळ रिझोल्यूशनच्या पडद्यावरच खरे असते. पडदा स्वतःच ताणलेला असेल तर १०० टक्क्यांवर दिसणारी पुसट रेघ फाइलमधली की मॉनिटरमधली, हे कोणालाच सांगता येणार नाही. शंका आल्यास पडद्याचे छायाचित्र न घेता प्रिंट स्क्रीन करून ती प्रतिमा दुसऱ्या चांगल्या संगणकावर पाहावी. तेथे रेघ दिसली तर फाइलमध्ये आहे. दिसली नाही तर पडद्यात.

जेथे सीआरटी मॉनिटर अजून शिल्लक आहेत तेथे शिक्षकांनी किंवा विद्यार्थ्यांनी त्यांचे मागचे झाकण काढू नये. वीज काढल्यानंतरही नळीत हजारो व्होल्टचा दाब राहू शकतो. हे काम जाणत्या कारागिराचे. मोडीत काढायचे झाल्यास त्याच्या काचेत शिसे असल्याने तो भंगारवाल्याला न देता ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत केंद्राकडे द्यावा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत संस्थांसारख्या मोठ्या वापरकर्त्यांवर ही जबाबदारी टाकलेली आहे.

प्रत्येक मॉनिटरच्या चौकटीवर एक चिठ्ठी चिकटवावी : मूळ रिझोल्यूशन, केबलचा प्रकार, आणि फुटपट्टीने मोजलेल्या वर्तुळाची रुंदी व उंची, तारखेसह. सत्राच्या पहिल्या तासाला हे मोजमाप विद्यार्थ्यांकडूनच करून घ्यावे. तीस संगणकांच्या वर्गाला त्यासाठी अर्धा तास पुरतो.